गोडा सारका करतों

पुण्याहून बँकेत बदलून आलेला तो माणूस आमच्या कुंभकोणम्‌च्या बुद्धिबळ क्लबात आला, तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! आमची मराठी तंजावरी, तीही घराच्या उंबऱ्यापर्यंतच. बाहेर सगळा कारभार तमिळमध्ये. आता पटासमोर मराठी बोलायला माणूस मिळाला. तो हसायचा. आमच्या तोंडी घोड्याचा ‘गोडा’ होतो. “काका, तुमचा घोडा फार गोड बुवा,” म्हणायचा. मीही हसायचो. बाजारात कोणी भराभर बोलायला लागलं तर ‘पुरियल’ म्हणायचं, म्हणजे समजलं नाही, हे त्याला मीच शिकवलं. त्याच्या बायकोला दिवस गेले तेव्हा गर्भ राखणाऱ्या तिरुक्करुगावूरच्या देवीला दोघांना घेऊन गेलो आणि पुजाऱ्याचा शब्द न् शब्द मराठीत करून सांगितला.

जिल्ह्याला जाणाऱ्या संघात एकच जागा उरली होती आणि ती आमच्या दोघांच्या डावावर ठरणार होती. इतकी वर्षं राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसलो. ही जागा मला हवीच होती, खोटं कशाला बोलू? दोन प्याद्यांनी मी पुढे होतो. वजिराला आडोसा देणारा माझा घोडा घरात जरा तिरका बसला होता. “गोडा सारका करतों,” म्हणालो आणि बोटाने त्याला नीट केलं; आधी असं सांगितलं की मोहऱ्याला हात लावलेला चालतो. रोजच्या डावात हेच म्हणायचो आणि तो “करा, करा” म्हणायचा.

या वेळी त्याने पंचांना बोलावलं. मोहऱ्याला हात लागला, आता तेच हलवायला हवं, म्हणे. मी पंचांना तमिळमध्ये सांगितलं की आधी बोललो, मग हात लावला. पंचांना मराठीचा गंध नाही. त्यांनी त्याला इंग्रजीत विचारलं, “हे काय म्हणाले?” खोलीत मराठी कळणारा दुसरा कोणी नव्हता.

“काहीतरी पुटपुटले,” तो म्हणाला. “ते मराठी नव्हतं.”

घोडा हलवावा लागला. वजीर गेला, मग डाव गेला, जागाही गेली. हरणं मी पचवलं असतं. पण माझ्या आईची भाषा त्याने चारचौघांत नाकारली, ते अजून घशाखाली उतरत नाही.

जिन्यात त्याने मला गाठलं. “काका, रागावलात? खेळात असं चालायचंच. चला, कॉफी घेऊ.”

मी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणालो, “पुरियल.”