जन्माच्या आरतीला कोणी उठलं नाही

डोळ्यांचा डॉक्टर म्हणून माझं नाव होऊ लागलं, त्याच सुमाराला माझी श्रद्धा पातळ होत गेली, हे आधी कबूल केलेलं बरं. देव नाही असं मी कधी म्हटलं नाही. त्याच्यावाचून माझं काही अडत नव्हतं, एवढंच. मोतीबिंदू काढायला स्थिर हात, धारदार सुरी आणि उकळलेलं पाणी लागतं, आणि ते सगळं माझ्याजवळ होतं. मुंबईच्या इस्पितळात शेकडो डोळे उघडून दिल्यावर माणसाला थोडी ऐट येतेच. मला जरा जास्तच आली होती.

ती ऐट आत्यापुढे मात्र चालत नसे. आई गेल्यावर कर्जतला तिनंच मला वाढवलं. तिचा एक डोळा तरुणपणी एका फिरत्या वैदूनं सुई खुपसून घालवला होता आणि आता उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ताटात भात कुठे आणि भाजी कुठे, हे ती बोटांनी चाचपून पाहायची. परक्यांच्या डोळ्यांवर बिनघोर सुरी चालवणारा मी, तिची गोष्ट निघाली की सबबी सांगायचो. शेवटी म्हटलं, मुंबईला माझ्या गुरुजींकडे नेतो. "पिकतं तिथं विकत नाही म्हणतात," ती म्हणाली, "पण मी घरचंच घेणार. तुझ्या हातून गेला तर गेला. निदान कोणी घालवला हे तरी ठाऊक असेल!" ती हे हसत हसत म्हणाली आणि माझ्या सबबी संपल्या.

त्या थंडीत महडच्या गणपतीच्या देवळाला लागून असलेल्या धर्मशाळेत पंधरवडाभर मुक्काम करून मी खालापूर-कर्जतकडच्या गरीब माणसांच्या डोळ्यांवर उपचार करायला बसलो. पहिल्याच दिवशी सात जणांचे मोतीबिंदू काढले, सातवी आत्या. त्या काळी आम्ही डोळ्याला टाका घालत नसू. बुबुळाच्या कडेला चीर द्यायची, गढूळ भिंग बाहेर काढायचं, डोळे बांधायचे आणि चीर आपोआप मिटेपर्यंत रोग्यानं दहा दिवस उताणं पडून राहायचं. कोणी खोकलं, शिंकलं, झटक्यानं उठून बसलं, की चीर उसवायची आणि दृष्टी कायमची जायची. म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या आणि आत्याची तपकिरीची डबी मी काढून घेतली होती. "उठलात तर डोळा गेला!" असं दिवसातून दहादा ओरडायचो. पाणी उकळायला लाकडाची मोळी आणणारी डोंगरावरची एक ठाकरीण रोज सकाळी दारात उभी राहून माझा तो आरडाओरडा ऐकायची. तिचा चेहरा मी कधी धड पाहिला नव्हता.

चौथ्या दिवशी रोग्यांना कंपाउंडरवर सोपवून मामलेदारांच्या आईचे डोळे पाहायला मला खालापूरला जावं लागलं. परतताना ऊन डोक्यावर आलं होतं. लांबून ढोल ऐकू आला, तसे टांगेवाल्यानं हात जोडले. "द्येवाचा जन्म झाला. आज माघातली चतुर्थी नाय का, डाक्टर?"

धूळ, माश्या, खोकला, तपकीर, सगळ्याचा विचार मी केला होता. तिथीचा केला नव्हता. आमच्या भागात जन्माच्या आरतीला तापानं फणफणलेला माणूससुद्धा अंथरुणावर पडून राहत नाही. आत्यानं लहानपणी कान पिळून मला हेच शिकवलं होतं. आता भिंतीपलीकडे जन्माची आरती होणार आणि सगळ्यांत आधी तीच उठणार.

पुढे जत्रेच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला. मी टांग्यातून उडी टाकून धावत सुटलो, आणि धावता धावता कित्येक वर्षांनी देवाला हाक मारली. ती प्रार्थनाही धड नव्हती. "तिला निजव रे," एवढंच तोंडातून निघत होतं.

धर्मशाळेत ना कंपाउंडर होता, ना रोग्यांचे नातेवाईक. सगळे देवळात. पण सातही रोगी उताणे पडलेले होते, छातीवर हात जोडून. आत्याच्या उशाशी ती ठाकरीण बसली होती आणि तिनं आत्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून ठेवलं होतं. मला पाहून ती उठली नाही. "हळू या," म्हणाली. "आजी उठत व्हती."

आरती संपल्यावर मी विचारलं, यांना तू थांबवलंस तरी कसं? "जत्रंच्या गर्दीनं मला आज उशीर झाला. मोळी टाकली आन ढोल वाजला. ही सारी कोपरावर उठाया लागली. मी वरडले, निजा! द्येवाला म्हाईत हाय तुमचे डोळं बांधलेत. आज तुमच्यासाठी त्योच हुबा हाय."

यात चमत्कार कोणता, असं कोणी विचारलं तर मी वाद घालणार नाही. एक बाई उशिरा आली, बस्स. पण मी तिथं असतो तर पुन्हा डोळा जाण्याचीच भीती घातली असती, आणि त्या भीतीला न जुमानता ती माणसं आरतीला उठली असती, हे मला पक्कं ठाऊक आहे. जे शब्द हवे होते ते माझ्याजवळ नव्हतेच.

दहाव्या दिवशी मी आत्याची पट्टी सोडली. ती कितीतरी वेळ उघडझाप करत माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अगबाई! तुलाच चष्मा लागला? कधी रे? आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नाही!"

मी लहान मुलासारखा रडलो, तिच्या मांडीवर डोकं ठेवून. कंपाउंडर म्हणाला, चला आजी, देवळात दर्शनाला नेतो. आत्यानं त्याचा हात बाजूला केला. "देव कुठे पळून जात नाही. जिनं माझं डोकं धरलं, तिला आधी बोलवा." ठाकरीण लाजत लाजत दारात आली. आत्यानं तिला उजेडात उभं केलं, तिचा चेहरा न्याहाळला आणि वाकायला अजून मनाई होती म्हणून नुसते हात जोडले.

मीही मागे उभा राहून हात जोडले. तेव्हापासून सुरी चालवणं माझं काम आहे असं मी मानतो. पट्टी बांधल्यानंतरचे दहा दिवस मी देवावर सोपवतो, आणि झोपही चांगली लागते.