नावापुरता मानूस

"ए नाव! इकडं ये!"

खदानीतून अशी हाक आली का मी हातातली बिडी फेकून पळत सुटलोच समजा. हासू नोका. हाक मारनारी बाई मले 'नाव'च म्हने. मायबापानं ठेवलेलं नाव तिले ठाऊक होतं, पन थे तिनं हाजरीच्या बुकासाठी राखून ठेवलं होतं.

ऐंशी सालच्या आगंमागंची गोष्ट. घुग्घुसच्या पुढं चुन्याच्या दगडाची एक लहानशी खदान होती, एका ठेकेदाराची. तिथी एकट्याले काम नव्हतं. जोडी लागे. मानसानं घन मारून दगड फोडाचा, बाईनं घमेल्यात भरून टरकापर्यंत न्याचा. बुकात एका जोडीले एक ओळ, अन् थ्या ओळीत नाव मानसाचं.

बाईचा नवरा दरडीखाली दबून मेला. तिसऱ्या दिवशी हाजरी लिवनारा मुन्शी दारात. "बाई, जोडी मोडली. झोपडी खाली करा." झोपडी ठेकेदाराची, अन् आत खाटेवर आंधळी सासू. बाईचा भाऊ होता अहेरीकडं. त्याच्या घरी बहिनीले जागा होती, बहिनीच्या सासूले नव्हती.

मी थ्या वक्ती चहाच्या टपरीवर कपबश्या धूत होतो. म्हंजे फोडतच होतो. बाई आली, मले खालून वरपर्यंत पाह्यलं.

"तुले नाव हाय का रे?"

"हाय तं."

"बायको?"

"कोन देते बाई मले!"

"मंग चाल."

लोकाइले नौकरी हाताच्या जोरावर भेटते, नाई तं डोक्याच्या. मले नावावर भेटली.

पह्यल्या दिवशी मी घन उचलला. खाली आला थो माह्याच आंगठ्यावर. बाईनं घन माह्या हातातून घेतला अन् आपल्या डोक्यावरची चुंबळ माह्या डोक्यावर ठेवली. तवापासून सहा साल बाई घन मारे अन् घमेलं माह्या डोक्यावर. खदानीतल्या बाया मले नवी सून म्हनत. ठेकेदाराची जीप दिसली का चालू, "सूनबाई, पदर घ्या जी, सासरे आले!" मीबी लाजून गमछा डोक्यावर ओढून घ्याचो. मुन्शी पाहून न पाह्यल्यासारखं करे. त्याले दगड पाह्यजे होता.

बाईचा घन तुमी पाह्याचा होता. दगडाले आधी हात लावे, म्हशीच्या पाठीवर थापटतो ना आपन, तसं. मंग म्हने, "इथी दुखते याले." तिथीच एक घाव. दगडाचे दोन तुकडे, भाकर मोडल्यासारखे. मी तोंड उघडं ठेवून पाहत राह्यलो का वरून शिवी, "तोंडात माशी जाईन, नाव. उचल!"

दर शनवारी बाई मुन्शीपाशी जाये. "माही ओळ दाखव." वाचता तिले येत नव्हतं, मलेबी नाई. मुन्शी जिथी बोट ठेवे, तिथी बाई आपलं बोट ठेवे. बोटाले चुना. होता होता थ्या ओळीवर पांढरा डाग पडला. नवं बुक आलं का नवा डाग.

"हे कोनाचं नाव व्हय?" मले इचारे.

"माह्यं."

"अन् काम?"

"तुह्यं, बाई."

एकदा मुन्शीले म्हनली, "माह्यं नाव लिव ना बाजूले." मुन्शी हासला. "जागा नाई बाई." जागा होती. बोटभर होती, मी पाह्यली.

मंग एका कारखान्यानं खदान घेतली. जुन्या हाजरीवाल्याइले पर्मनंट करनार, क्वार्टर देनार, अशी हवा झाली. बाईनं सासूचे लुगडे धुऊन गाठोडं बांधून ठेवलं. मले म्हने, "साहेबाले खरं सांगजो. जनमात एक डाव तं खरं सांग."

साहेब आला. बुक उघडून त्यानं माह्यं नाव वाचलं. मी पुढं झालो.

"साहेब, नाव माह्यं हाय, पन सहा साल दगड हे बाई फोडून राह्यली. मी घमेलं वाह्यतो जी."

सारी खदान हासली. काऊन नाई हासन? सहा साल मी दुसरं केलं काय होतं? साहेबबी हासला. "गमतीदार माणूस आहे!"

जनमात एक डाव खरं बोललो, तं थोच माह्या जिंदगीतला सर्वात मोठा मजाक झाला.

बाई पुढं आली. "मजाक नाई साहेब. पाहा." दगडाले हात लावला. एक घाव. दगडाचे दोन तुकडे. हासनं बंद झालं.

"शाब्बास," साहेब म्हने. मंग मुन्शीकडं वळला. "बाईच्या हातात घन कुणी दिला? नियमात बसत नाही. आजपासून बंद." अन् माह्या नावासमोर, डागाच्या बाजूलेच, टिक मारली.

बाई घन धरूनच उभी होती. कोनी म्हनलं नाई, ठेव म्हनून.

मले खाकी कपडे भेटले, फाटकावर उभं राहाची नौकरी भेटली. तिची जोडी मोडली. झोपडीत आठ दिवसात दुसरी जोडी आली.

जाच्या दिवशी बाई फाटकावरून गेली, अहेरीची गाडी धराले. सासूले पाठुंगळी घेतलं होतं, भावाच्या घरी तिले जागा नव्हती तरी. गाठोडं सासूच्या हातात. मी आडवा झालो.

"बाई, मी सोडतो हे नौकरी. चाल, दुसऱ्या खदानीत जोडी करू."

"येड्या, घन कोन मारन? माह्या हाती देत नाई, अन् तुह्या हातानं फुटत नाई."

सासू पाठीवरून म्हने, "कोन व्हय वो?"

"कोनी नाई, आत्याबाई. आपलं नाव व्हय."

मंग मले म्हने, "हाजरी चुकवू नोको. सहा साल माह्ये हायेत त्याच्यात."

अजूनबी साहेब फाटकावर माह्यं नाव घेऊन हाक मारते. मी वळत नाई. मी आधी खदानीच्या रस्त्याकडं पाह्यतो.

"अरे, बहिरा आहेस का?"

"हौ जी," म्हनतो. पन पाह्यतो तिकडंच. जिचं नाव हाय, थे येऊन राह्यली का म्हनून.