बाळंतिणीची मुशी

रविवार, अकरा जानेवारी. मासळीसाठी रक्कम सहाशे रुपये. देणारी माझी आत्या. हजर मी, बायको, बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी आणि तिची चार दिवसांची लेक.

बाळाचं वजन दोनशे ग्रॅमने उतरलं होतं. सोमवारी आणखी घटलं तर दवाखान्यात ठेवू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलीला पुरेसं दूधच येत नव्हतं.

"मुशीच्या कालवणाशिवाय दूध उतरायचं न्हाय," आत्या म्हणाली. "बारीक आण, हातभर."

आमच्यात प्रत्येक बाळंतिणीला मुशी देतात. शार्क म्हणतात तो हाच मासा.

मच्छी मार्केटात नेहमीच्या कोळणीकडे बारीक मुशी सहाशे रुपये किलो होती, मोठीचे तुकडे तीनशे. "पूर्वी टोपल्या भरून यायची," ती म्हणाली. "आता बोटी लांब जातात, तवा एखादी गावते." मासा तोच आणि भाव निम्मा, म्हणून मी मोठीतला किलोभर घेतला आणि खुशीत घरी आलो.

मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. "केवढी होती, पप्पा?"

मी दोन्ही हात पसरले. तेही पुरले नाहीत.

"मग मी नाही खाणार. मुशी दुसरे मासे खाऊन वाढते, त्यांच्यातला पारा तिच्या अंगात साठत जातो. मोठीत सगळ्यात जास्त. तो दुधातून हिच्या पोटात जाईल."

"बारीक आण म्हटलेलं ना?" आत्या माझ्यावर उखडली. "राहनाळचं गोडाऊन समजलास काय घराला? होलसेल भाव बघतोय!"

मी पुन्हा पिशवी उचलली, तर मुलीने अडवलं. "बारीक म्हणजे अजून एकदाही न व्यालेली. मुशीला वयात यायला कितीतरी वर्षं लागतात, पिल्लंही मोजकीच होतात. ती आधीच उचलली तर पुढं व्यायचं कुणी?"

"समुद्रातली बाळंतीण जपायची आणि घरातल्या लेकराला उपाशी ठेवायचं?"

मुलीचे डोळे भरले. मला दोघींचंही पटत होतं आणि बाळ रडत होतं.

बायको मात्र उठली आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या, प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या सिस्टरला घेऊन आली. सिस्टरने बाळाला पाजताना पाहिलं. बाळ नीट धरतच नव्हतं, नुसतं टोकाला चोखत होतं. तिने त्याला आईच्या पोटाशी पोट लावून आडवं धरलं, तोंड मोठं उघडू दिलं आणि दर दोन तासांनी पाजायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत गिळल्याचा आवाज मलाही ऐकू येऊ लागला. आत्या कान देऊन बसली होती; मग पदराने तोंड पुसून स्वयंपाकघरात गेली आणि ती मुशी आम्ही दोघांनी खाल्ली.

सोमवारी वजन चाळीस ग्रॅमने वाढलेलं निघालं. मी डॉक्टरांना काटा पुन्हा बघायला लावला. तेवढंच भरलं.

बुधवारी कोळणीने विचारलं, "काय दादा, उतरलं दूध?"

"उतरलं. पण मुशी मी आणि आत्यानेच खाल्ली."

"मग तुम्हाला उतरलं काय?" ती इतकी हसली की शेजारणीही वळून बघायला लागल्या.

मुलीसाठी बोटाएवढी ताजी मांदेली घेतली. दोनशे रुपये झाले, ते कोळणीला तिथेच रोख दिले.