नाव सांगून आत या

अण्णा गेल्याची बातमी मला अण्णांच्याच फोनवर कळली. ते कामावर आले नव्हते, म्हणून तक्रारींचा फोन घ्यायला मी त्यांच्या खोलीत जाऊन बसले होते. घंटी वाजली, उचलला, तर पलीकडे वहिनी. "शोभाताई, हे झोपेतच गेले ओ…" हात कुठल्यातरी बटणावर पडला असेल, अण्णांचा बोलका संगणक कालची अर्धवट तक्रार मोठ्यानं वाचू लागला. मला तो काही केल्या गप्प करता येईना. शेवटी तशीच बाहेर पळाले.

महादेवअण्णा कसबा बावड्याचे. शाहूपुरीतल्या आमच्या सरकारी कार्यालयात ते पाणीवाटपाची पाहणी करायचे, गावोगाव हिंडायचे. आवाज असा, की खाली गेटवर बोलले तर वर माझ्या टेबलावर ऐकू यायचं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले तेव्हा नोकरीची बरीच वर्षं बाकी होती, मुलगी कॉलेजात होती. साहेब नवीनच आलेले. गोड आवाजात म्हणाले, "महादेव, आता आराम करा. स्वेच्छानिवृत्तीवर सही करून टाका." अण्णा म्हणाले, "साहेब, डोळं गेल्यात, अक्कल न्हाई!" कायदा त्यांनी मुलीकडून वाचून घेऊन पाठ केला होता. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी कार्यालयाला माणूस काढता येत नाही. पहिलं काम जमत नसेल तर त्याच पगाराचं दुसरं काम द्यायचं, आणि ते करायला लागणारी वाजवी सोयही करून द्यायची. साहेबांना कायदा ठाऊक नव्हता असं नाही. पण आंधळा माणूस कार्यालयात ठेवायचा, हेच त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

तर अण्णांना मागची खोली मिळाली, लोकांच्या तक्रारी घ्यायला फोन मिळाला, बोलका संगणक मिळाला. खोलीत ते दिवा लावायचे नाहीत. "मला कशाला? सरकारची वीज जळती की!" त्यामुळं भर दुपारीही दारातनं आत डोकावलं की नुसता अंधार, आणि त्या अंधारातनं आवाज यायचा, "कोण?" नवी माणसं दचकायची. मग अण्णांनी रीत घालून दिली. येताना नाव सांगायचं, जाताना जातो म्हणायचं. "न्हाईतर माणूस निघून जातोय आणि मी आपला मोकळ्या खुर्चीसंगं बोलत बसतोय." आम्ही नाव सांगितलं की म्हणायचे, "या की!" कामात मात्र कुणाची दया घेतली नाही. एखादी गोष्ट जमणार नसेल तर आधीच सांगायचे, जमणारी दुसऱ्याला करू द्यायचे नाहीत. म्हणायचे, कायद्यानं खुर्ची दिली ती काम करायला, बसून खायला न्हाई.

आणि एक दिवस अण्णांचा चेहराच उतरलेला. हळूच म्हणाले, "शोभाताई, दुपारचं खोलीत कोणतरी येतंय. बोलत न्हाई. नुसतं हुबं ऱ्हातंय… श्वास ऐकू येतोय. हात पुढं केला की मागं सरतंय." मला वाटलं, मनाचे खेळ. शिपाई मारुती तर म्हणाला, "नारळ फोडूया." पण अण्णा खचत चालले. फोनवर बोलता बोलता मधेच थांबायचे, तक्रारी लिहून घेताना चुकायचे. इतका दांडगा माणूस, पण मागं कुणी उभं आहे म्हटल्यावर त्याचं लक्ष कामात कसं राहणार?

एका दुपारी डबा घेऊन गेले, नाव सांगितलं. "या की" आलं नाही. अण्णा कुजबुजले, "शोभाताई, तुमच्यासंगं कोण हाय?" मी एकटीच होते. चाचपडत दिवा लावला, तर कपाटाच्या कोपऱ्यात साहेब! भिंतीला पाठ लावून, ओठांवर बोट ठेवून, मला गप्प राहा म्हणून खुणावत होते. अण्णांच्या चुका टिपून त्यांना नालायक ठरवायचं चाललं होतं. माझं डोकंच फिरलं. मी मोठ्यांदा म्हटलं, "साहेब, तुम्ही हायसा व्हय! आम्ही भूत समजत होतो!" अण्णांनी तोंड कपाटाच्या कोपऱ्याकडं वळवलं. साहेब निघून गेले तरी ते तिकडंच तोंड करून बसले होते. ते बघून मला रडू आलं.

अण्णांनी दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार केली, मी साक्ष दिली. नोकरी राहिली. त्या खोलीत जाणाऱ्यानं नाव सांगायचं, असा लेखी आदेशच निघाला. साहेबांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला. पण स्वतः शेवटपर्यंत पाळला नाही. काही काम निघालं की दारावर टकटक करून फाईल मारुतीकडं द्यायचे. "त्यांचं नाव तेवढं ऐकायचं ऱ्हायलं बघा," अण्णा हसून म्हणायचे. पण ते त्यांना लागलेलं असायचं, मला कळायचं.

आता त्या खोलीत कुणी नाही. तरी मारुती झाडायला जाताना आपलं नाव सांगतो, मीही सांगते. अंगवळणी पडलंय, दुसरं काय! गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत तिकडून चालले होते. बोळात साहेब उभे होते, खोलीकडं तोंड करून. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. आत अंधार. साहेबांनी घसा खाकरला आणि आपलं नाव सांगितलं. आडनावासकट, स्पष्ट. मग कान देऊन थांबले.

आतून कुणी "या की" म्हणालं नाही. साहेब आत गेले नाहीत.