शनिवारचा पेपर

ज्यांना लिहिण्याचा सराव आहे, त्यांनी हे लिहायला हवं होतं. मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच लिहायला बसले आहे. या आगाऊपणाबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण निर्मलाताई गेल्याला दीड महिना झाला आणि शोकसभेत त्यांना सगळ्यांनी ‘शांत, सोशिक शिक्षिका’ म्हटलं. त्या सोशिक नव्हत्या. हे कुणीतरी सांगायला हवं...

नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांमागे, बांधकाम मजुरांच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, आमची शाळा आहे. जुन्या रायपुरातल्या सदर बाजारातून आम्ही दोघी शिक्षिका बसनं एकत्रच निघायचो. दर शनिवारी शेवटच्या तासाला ताई खुर्ची सोडून चटईवर बसत आणि मुलं त्यांची परीक्षा घेत. मुलांनी बांधावरून खुडून आणलेला कोवळा पाला ताईंनी ओळखायचा आणि त्याची भाजी कशी करतात, ते छत्तीसगढीत सांगायचं. ताई बहुतेक वेळा नापास होत; मुलांना बरं वाटावं म्हणून नव्हे, खरोखरच. दुलारी वर्षभर वर्गात एक शब्द बोलली नव्हती. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरचे तिला शाळेतून काढणार होते. एका शनिवारी ताईंनी एका पाल्याला चेचची भाजी म्हटलं, तशी ती उठून ओरडली, “गलत! चेच नोहे दीदी, चरोटा आय!” आणि पाटीवर तिनं ताईंना भलंमोठं शून्य दिलं.

नेमके तेव्हाच तपासणीचे साहेब दारात उभे. “मैडम, खड़ी होइए. ये क्या तमाशा है?”

ताई जागच्या हलल्या नाहीत. “पेपर चल रहा है, सर. फेल हुई हूँ. जाँचने वाली से पूछकर उठूँगी.”

दुलारीनं मानेनंच नाही म्हटलं.

साहेब वर्गात मागे बसलेल्या माझ्याकडे वळले. “इससे बच्चे कुछ सीखते हैं?” दुलारीचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला होता, तेवढं सांगितलं असतं, तरी पुरे होतं. मी मान खाली घातली. आठवड्याभरात हा तास बंद करण्याचा लेखी आदेश आला.

“तू काहून गप्प बसली गं?” बसमध्ये ताई म्हणाल्या. “तोंडात चरोटा कोंबला होता का?” माझे डोळे भरून आले, तशा त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. “मी बंद नाही करत. ज्या पोट्टीले सारे चूकच म्हणत आले, तिनं एकदा तरी मास्तरणीले चूक म्हणावं. दार उघडंच ठेवीन. ज्याले याचं त्यानं यावं.”

दार उघडंच राहिलं. दुलारीनंही शाळा सोडली नाही. शनिवारी आपल्याला दीदीचा पेपर तपासायचा असतो, असं तिनं घरी बजावलं होतं.

आता तो वर्ग माझ्याकडे आला आहे आणि तोच आदेशही, नव्या तारखेनिशी. ताईंची चटई खिडकीखाली गुंडाळलेली होती. गेल्या शनिवारी दुलारीनं ती आपणहून पसरली, माझ्यापुढे पाल्याची जुडी धरली आणि वाट पाहत राहिली... मी बसले. नापासही झाले.

येत्या शनिवारी तपासणी आहे. दार उघडं असेल. साहेबांनी उभं राहायला सांगितलं, तर मी उठू का?