फ्लॉपीवरचं कुंकू

ओल्या कुंकवाचा वास आला की मला कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली ती दुपार आठवते. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट कॉम्प्युटरवर स्लाइड करून दाखवणारी वर्गात मी पहिलीच. बाकीचे प्लास्टिकच्या पारदर्शक कागदावर हातानं लिहून आणत. पंधरा दिवस खपून शिकत शिकत मी सहा स्लाइड केल्या होत्या आणि त्या एकाच फ्लॉपीत होत्या. बाहेरून आलेले परीक्षक सारखे घड्याळ बघत होते. फ्लॉपी घातली, तर मशीन नुसतं किरकिरायला लागलं. पुन्हा घातली, पुन्हा तेच. सरांनी ती हातात घेतली, पत्र्याचं झाकण सरकवलं आणि माझ्यापुढे धरली. आतल्या काळ्या चकतीवर लाल बोट उठलं होतं. "मग, पुढच्याला बोलवू का?" परीक्षक म्हणाले. मी खडू उचलला. एकेक चौकट फळ्यावर काढायची, समजावायची, पुसायची आणि "पुढची स्लाइड" म्हणायचं, असं सहा वेळा केलं. संध्याकाळच्या एसटीनं तासगावाकडं घरी पोचले, तर मिलिट्रीतून रिटायर झालेले माझे वडील दारातच उभे होते. "सकाळी तुजी फ्लॉपी देवापुढं ठिवली हुती. कुंकू नुसतं वरनं लावून काय उपेग? झाकण सरकवून आत लावलं. दिसलं का गं समद्यांस्नी?" "दिसलं की, आबा." ते होते तोवर मी त्यांना खरं सांगितलं नाही. अजूनही मोठ्या कामाला निघताना पेन ड्राइव्हला कुंकवाचं बोट लावते, पण टोपणावर.