लुओ सरांची उत्तर दिशा

चीनमधल्या आमच्या शिआन शहरात डावं-उजवं कुणी म्हणत नाही. शहराभोवतीचा तट चौकोनी, रस्ते पट्टीनं आखल्यासारखे, त्यामुळे भाजीवालीसुद्धा पत्ता सांगताना उत्तर-दक्षिणच सांगते. त्यातही लुओ बिंगवन म्हणजे कहर. एकतीस वर्षं ते परदेशी पाहुण्यांना शहर दाखवतात, त्यातली सतरा माझ्या बसमधून. त्यांच्या घरी जेवायला गेलो की बायकोला म्हणतात, मिठाचा डबा जरा पश्चिमेला सरकव. आणि यूझन वहिनी मुकाट्यानं बरोबर सरकवतात.

परवा हंगेरीहून बावीस पोरापोरींचा गट आला होता. वास्तुकला शिकणारी मुलं, जुन्या इमारती बघायला आलेली. सर त्यांना इंग्रजीत सांगत होते, फोटोसाठी थोडं पूर्वेला सरका. झालं, निम्मी इकडे, निम्मी तिकडे, कोंबड्यांसारखी एकमेकांवर आदळली. मी हसून हसून बेजार झालो. "अरे उस्ताद, कॉलेजात शिकतात आणि पूर्व माहीत नाही," सर मला म्हणाले. मला ते कायम उस्तादच म्हणतात. त्यांना खरोखरच ते उमगत नव्हतं. इल्दिको नावाच्या एका शहाण्या मुलीनं मग फोनवर होकायंत्रच उघडून ठेवलं.

दुपारी रश्शात पाव कुस्करून खाताना सर हात धुवायला उठले आणि थेट खानावळीच्या स्वयंपाकघरात शिरले. तिथं तर ते हजारदा जेवलेत. मी टोमणा मारला, "काय सर, आज भांडी घासायचा विचार आहे का?" ते हसले नाहीत. मला जरा खटकलं, पण रश्शात बुडालेल्या माणसाला काय कळणार.

जेवणानंतर सगळ्यांना दक्षिण दरवाजातून तटावर चढवलं. सायकली भाड्यानं घ्या, फिरा, चित्रं काढा आणि चार वाजता उत्तर दरवाजाशी बसपाशी या, असं सरांनी सांगितलं. सहाची ल्वोयांगची आगगाडी गाठायची होती. ती चुकली तर सरांचं हे काम शेवटचं, असं आमच्या कचेरीतल्या नव्या साहेबानं सकाळीच मला बाजूला घेऊन बजावलं होतं. म्हातारा चुकायला लागलाय, म्हणाला तो. मी त्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. हा माणूस आणि चुकणार?

पावणेचारला मी बस उत्तर दरवाजाबाहेर लावली. धुरकट हवा, सूर्याचा पत्ता नाही. चारला एकूण एक मूल हजर. सरच नव्हते.

सव्वाचारला त्यांचा फोन आला. आवाज चढलेला. "एकही कार्टं आलेलं नाही. सांगितलं होतं ना, उत्तर दरवाजा. यांना उत्तर म्हणजे काय ते कधी कळणारच नाही."

"सर, सगळी इथंच आहेत. माझ्यापाशी."

"तू कुठं आहेस?"

"उत्तर दरवाजाला."

"मी पण उत्तर दरवाजालाच आहे."

माझं डोकं चक्रावलं. एकाच दरवाजाला आम्ही दोघं आणि एकमेकांना दिसत नाही, हा काय चकवा? मी वर पाटी वाचली. पुन्हा वाचली. सतरा वर्षं ज्याच्या शब्दावर बस वळवली, तो चुकेल यापेक्षा पाटी चुकलेली मला पटली असती. मग विचारलं, समोर काय दिसतंय? खंदकावरचा पूल, म्हणाले, आणि पर्सिमन फळाचे वडे तळणारी लंगडी बाई. ती बाई गेली दहा वर्षं दक्षिण दरवाजाशी बसते. सरांनीच मला तिथले वडे पहिल्यांदा खाऊ घातले होते.

"तिथंच थांबा. हलू नका," मी म्हणालो.

फोनवरच्या भाषांतरातून मुलांना सांगितलं की चूक माझी, मीच सरांना भलता दरवाजा सांगितला. बाकीच्यांनी मान डोलावली. इल्दिको मात्र हातातल्या होकायंत्राकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिली.

मुलांना घेऊन बस दक्षिण दरवाजाला नेली. सर पुलापाशी उभे होते, टोपी हातात घेऊन. बसमध्ये चढून माझ्यामागच्या सीटवर बसले. मग पुढे वाकून हळूच विचारलं, "कांग, आत्ता आपलं तोंड कुणीकडं आहे?"

इतक्या वर्षांत मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नव्हती. "उत्तरेला, सर," मी म्हणालो. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. रोजचाच रस्ता होता.

स्टेशनावर पावणेसहाला पोहोचलो. गाडी मिळणार होती. सर दारात उभे राहिले. मुलं सवयीनं आधीच गोंधळलेली, इकडेतिकडे बघायला लागली. सरांनी क्षणभर दोन्ही हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "उतरल्यावर उजवीकडे वळा."

बावीसच्या बावीस जणांना पहिल्या झटक्यात कळलं. त्यांनी हसून टाळ्या वाजवल्या. मी आरशातून नजर काढून घेतली.